डावीकडून तिसरा डबा

ऑफिसात त्याला सगळे नापासराव म्हणत. हे नाव आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, कामाने चिकटवलं होतं. नेत्ररुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, संगणक विभागात तो टेस्टर होता. म्हणजे दुसऱ्याने जीव ओतून केलेलं काम मोडून दाखवायचं आणि फॉर्मवर 'पास' किंवा 'नापास' असा शेरा मारून सही ठोकायची. सहा वर्षांत पहिल्या फेरीत त्याने एकालाही पास केलं नव्हतं. एवढा करारी माणूस घरी मात्र कोणाला नापास करायला धजत नसे, कारण घरी दोघी होत्या.

एक थोरली बहीण, जिला सगळं ऑफिस ताईच म्हणायचं, आणि दुसरी बायको. दोघी राहायला एका घरात आणि कामाला एकाच मजल्यावर. देवाने एखाद्याची परीक्षा किती बघावी याला काही मर्यादा असते, पण नापासरावाच्या बाबतीत ती पाळलेली दिसत नव्हती.

ताईची खोली मजल्याच्या अगदी टोकाला होती. आत बारा महिने कडाक्याची थंडी, कारण मशीन तापता कामा नये. त्यामुळे ताई बारा महिने स्वेटरमध्ये. रुग्णालयाची सगळी सॉफ्टवेअर ज्याच्या जिवावर चालतात तो ॲप्लिकेशन सर्व्हर तिने एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने बसवला होता. त्याला ती 'थोरला' म्हणे. दाराशी दोरीने बांधलेली एक नोंदवही होती, तिच्यात चार रकाने: तारीख, काय बदललं, कोणी बदललं आणि सोबत हजर कोण. नोंद नाही तर बदल नाही, हा ताईचा नियम. तो नियम ती स्वतःलाही लावायची. पंख्याची धूळ झटकली तरी वहीत लिहायची. चौथा रकाना तेवढा एकोणीस वर्षं कोरा होता, कारण त्या गारठ्यात तिच्या सोबतीला आपणहून कोण जाणार.

बायको आठ महिन्यांपूर्वी इथे नोकरीला लागली. हुशार, चटपटीत आणि जुन्या कोडकडे बघताना नाक मुरडणारी. मोतिबिंदूचे म्हातारे रुग्ण नंबर लावायला सकाळपासून खिडकीशी ताटकळतात, त्यांना घरबसल्या वेळ घेता यावी म्हणून तिने नवी वेबसाइट लिहिली होती, ताज्या फ्रेमवर्कमध्ये. हे फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा. त्याच्यावर आपल्या गरजेपुरतं कोड चढवायचं. शिवाय तो स्वतःचा एक चिमुकला सर्व्हरही खिशात घेऊन फिरतो, त्यामुळे तिच्या मशीनवर साइट कशी अगदी भिंगरीसारखी चालत होती.

सोमवारी ती थोरल्यावर चढवली आणि तोंडावर आपटली.

भानगड अशी होती. तारखा हाताळणारं एक तयार पॅकेज असतं, ते दोघांकडेही होतं. नाव अक्षरशः तेच. पण थोरल्याकडचं पॅकेज नऊ वर्षं जुनं, फ्रेमवर्कने सोबत बांधून आणलेलं अगदी कालचं. आणि थोरल्याची रीत अशी, की कोणी काही मागितलं तर आधी आपल्याच कोठीत बघायचं. तिथे त्या नावाची वस्तू मिळाली की पाहुणीचं गाठोडं सोडायचंच नाही. साइटने मागितलं, 'पुढची रिकामी वेळ' काढून दे. थोरल्याने आपलं जुनं पॅकेज पुढे केलं. त्यात ते काम करणारं फंक्शनच नव्हतं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: असं फंक्शन या पॅकेजमध्ये नाही. नापासरावाने फॉर्मवर नापास लिहिलं आणि उरलेला आठवडा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

कारण रुग्णालयाच्या अधीक्षकबाईंनी शुक्रवारी अकराची वेळ दिली होती. त्या स्वतः येऊन एका रुग्णाची वेळ घेऊन बघणार होत्या. जमलं तर ठीक, नाही तर थोरल्याला भंगारात काढून बाहेरचा सर्व्हर भाड्याने घ्यायचा, आणि मग त्या खोलीला माणूस नको. ताईने यावर वाद घातला नाही. तिने दुसऱ्या गावच्या शाखेत बदलीचा अर्ज आणला आणि भरून पर्समध्ये ठेवला. शुक्रवारी पाचपर्यंत तो कार्यालयात पोचायचा होता. तिच्या पर्समध्ये पेन शोधताना नापासरावाच्या हाताला तो लागला. आई गेली तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ताई सतराची. त्यानंतर त्याच्या डब्यापासून ते त्याच्या लग्नापर्यंत सगळं तिनेच पाहिलं होतं. ती घर सोडून जाईल ही कल्पना त्याने कधी केलीच नव्हती, आणि आता करून बघितली तर ती त्याला सहन होईना.

त्यातून, थोरला वाचला म्हणून ताई राहीलच याचीही खात्री नव्हती, कारण घरी डब्यांचं प्रकरण होतं.

स्वयंपाकघरातल्या फळीवर नावं छापलेल्या डब्यांची एक जुनी रांग होती. 'साखर' लिहिलेल्या डब्याचं झाकण सैल, आत मुंग्या शिरायच्या. म्हणून ताईने फार वर्षांपूर्वी त्यात मीठ भरलं आणि साखर 'मीठ' लिहिलेल्या डब्यात, डावीकडून तिसऱ्या. तिचा हात आपोआप तिथे जायचा. डब्यावरचं नाव वाचायची तिला कधी गरजच पडली नाही. बायकोने महिन्यापूर्वी फळी आवरली आणि ज्याचं त्याला नेऊन घातलं. त्याच दुपारी बायकोचे वडील आले. ताईने चहा केला, डावीकडून तिसरा डबा उघडला, तीन चमचे घातले. सज्जन माणूस, अख्खा कप प्यायला आणि 'बरं आहे, निघतो' म्हणाला. बायकोला वाटलं, हे मुद्दाम केलं. ताईला वाटलं, मला मुद्दाम तोंडघशी पाडलं. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं बंद. ताई फळीला हात लावेना आणि चहा बिनसाखरेचा पिऊ लागली. कुठल्या डब्यात काय आहे हे विचारण्यापेक्षा तिला ते परवडलं.

तर मंगळवार आणि बुधवार नापासरावाने निरोप्याचं काम केलं. बायको म्हणाली, सर्व्हरवर एक सेटिंग असते, आधी पाहुण्याचं गाठोडं बघ असं सांगणारी. एका ओळीचं काम आहे, त्यांना ठाऊक असणारच, पण मी पाया पडणार नाही. नापासराव मजल्याच्या टोकाला गेला. ताई म्हणाली, सेटिंग मला चांगली ठाऊक आहे. पण आल्याआल्या घराची रीत बदलायला सांगणाऱ्यांनी आपलं कोड घराच्या रीतीने लिहावं, दोन तासांचं काम आहे. नापासराव परत आला. बायको म्हणाली, नऊ वर्षं जुन्या पॅकेजसाठी मी एक ओळ लिहिणार नाही. असं त्याने दोन दिवसांत त्या पॅसेजच्या इतक्या चकरा मारल्या, की भिंतीवरचे डोळे तपासायचे अक्षरांचे तक्ते खालच्या ओळीपर्यंत त्याला पाठ झाले.

बुधवारी दुपारनंतर दोघीही अचानक गप्प झाल्या. निरोप नाही, टोमणा नाही. नापासरावाला ती वादळापूर्वीची शांतता वाटली.

गुरुवारी सकाळी स्वयंपाकघरात ताई उभी होती. महिन्याभरानंतर प्रथमच ती तिघांचा चहा करत होती. नापासरावाने दारातूनच पाहिलं, तिने चष्मा लावला, फळीवरची नावं वाचली, 'साखर' लिहिलेला डबा काढला. त्याचा ऊर भरून आला. तिघं टेबलाशी बसले. पहिला घोट घेतला आणि त्याचा भरलेला ऊर जागच्या जागी थांबला. चहा खारट होता. खारट म्हणजे समुद्राला लाजवील असा. त्याने बायकोकडे पाहिलं. ती कपात डोळे घालून बसली होती आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने ताईकडे पाहिलं; तिची मान ताठ. तिघांनी ते पेय शेवटच्या थेंबापर्यंत संपवलं, आणि मिठाची गुळणी धरून बसणं म्हणजे काय हे नापासरावाला त्या दिवशी प्रत्यक्ष कळलं.

ऑफिसात त्याने पुन्हा चाचणी लावली. पुन्हा लाल अक्षरं. तो सवयीने नापास लिहायला गेला आणि थबकला. एरर वेगळी होती. सोमवारी साइट नवं फंक्शन मागत होती आणि ते जुन्या पॅकेजमध्ये नव्हतं. आज ती जुनं फंक्शन मागत होती आणि ते नव्या पॅकेजमध्ये नव्हतं. अगदी उलटं. जिभेवर अजून खारट चव होती, म्हणून असेल, पण त्याला लख्ख उलगडा झाला. बायकोने काल गुपचूप दोन तास बसून कोड जुन्या पद्धतीने लिहिलं होतं. आणि ताईने काल गुपचूप ती एक ओळ बदलून थोरल्याला सांगितलं होतं, आधी पाहुणीचं बघ. घरीही तेच. बायकोने रात्रीची भांडी आवरताना मीठ-साखर ताईच्या जुन्या रीतीने लावून ठेवली, आणि सकाळी ताई नावं वाचायला शिकली.

तो सर्व्हरच्या खोलीशी गेला आणि नोंदवही उघडली. बुधवारच्या तारखेला काहीच नव्हतं. एकोणीस वर्षांत ताईने पहिल्यांदा नोंद न करता बदल केला होता. ज्या बाईने पंख्याची धूळसुद्धा लपवली नाही, तिने माघार लपवली होती. तिला एकटीला गाठून सांगावं असं त्याला फार वाटलं. पण तो ताईला ओळखून होता. कळलं की ती ताबडतोब बदल मागे घेणार. मग बायको तिचा मागे घेणार, आणि गाडी पुन्हा सोमवारच्या स्टेशनात.

तेव्हा त्याने जरा डोकं चालवलं. ताईला काही सांगायचं नाही. बायकोला तेवढं कोपऱ्यात घेऊन सांगायचं, की ताईने आपणहून सेटिंग बदलली आहे, तू निमूट तुझं नवं कोड परत चढव. बायकोने ऐकलं. तिचे डोळे भरले, मग ती हसली, मग म्हणाली की उगाच एवढा वेळ नाक वर करून बसले. तिने कोड परत चढवलं. नापासराव स्वतःवर इतका खूश झाला, की पुन्हा चाचणी लावायचंही विसरला आणि संध्याकाळी जिना दोन-दोन पायऱ्या चढून घरी गेला.

पण एरर वाचता येणारा तो एकटाच थोडाच होता. लाल अक्षरं ताईच्या स्क्रीनवरही उमटली होती. तिने ती दुपारीच वाचली आणि वाचता वाचता तिलाही सगळं उमगलं. ती पोर आपल्यासाठी जुन्या पद्धतीने लिहीत बसली, म्हणजे आता आपण आडवं येणं शोभत नाही. निघता निघता तिने ती ओळ पुन्हा होती तशी केली. पुन्हा नोंद न करता.

हे नापासरावाला शुक्रवारी सकाळी टेबलाशीच कळलं, कारण चहा परत खारट होता. रात्री बायकोने, ताई आता नावं वाचतात म्हणून, सगळं नावाप्रमाणे लावलं; आणि ताईने, तिने माझी रीत ठेवली म्हणून, न बघता डावीकडून तिसरा डबा काढला. नापासरावाने घोट गिळला आणि ऑफिसात काय वाढून ठेवलंय हे मशीन चालू न करताच ओळखलं.

साडेदहाला त्याने चाचणी लावली. सोमवारचीच एरर, शब्दाला शब्द. खाली अधीक्षकबाईंची गाडी लागल्याचं कोणीतरी सांगून गेलं.

तेव्हा गरीब माणसाचा तोल गेला. त्याने बायकोला हाताला धरून मजल्याच्या टोकाला नेलं, सर्व्हरच्या खोलीत ढकललं, मागून स्वतः शिरला आणि दार लावून त्याला पाठ टेकून उभा राहिला. ताई खुर्चीवरून उठली. थोरल्याची घरघर सोडली तर आत काही आवाज नव्हता.

"तुम्ही दोघी भांडत होतात ते बरं होतं," तो म्हणाला. "भांडताना निदान एकच चूक रोज होत होती. तुम्ही माघार घ्यायला लागल्यापासून दोन दिवस मी मीठ पितोय."

मग त्याने सगळं बोलून टाकलं. कोणी कधी काय बदललं, कोणी काय परत फिरवलं, कुठला डबा कोणासाठी. बोलताना त्याने कोणाकडेच पाहिलं नाही, थोरल्याच्या निळ्या दिव्याकडे बघून बोलला. बायको खाली मान घालून होती.

"आणि ताई, तुझ्या पर्समधला अर्ज मी पाहिलाय. तू जाऊ नयेस असं मला वाटतं. सर्व्हरसाठी नाही. माझ्यासाठी."

एवढं म्हणून तो दाराकडे तोंड करून उभा राहिला. घरात आजवर असलं कोणी बोललेलं नव्हतं. त्यांच्याकडे प्रेम दाखवायचं म्हणजे 'जेवलास का' विचारायचं. मग ताईने पाहिलं की बायको थंडीने कुडकुडत होती. खुंटीवरचा जुना जादा स्वेटर काढून तिने तिच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "अगं, उभी काय राहिलीस. बस इथे. ओळ कुठली ती मला ठाऊक आहे, पण तुझं गाठोडं कुठे ठेवलंयस ते तू सांग."

"ताई, तुम्ही बदलू नका. मी दोन तासांत माझं..."

"दोन तास कुठे आहेत. आणि आता कोणी माघार घेतली तर हा रडेल."

दोघी शेजारी बसल्या. ताईने ओळ बदलली. बायकोने आपल्या कोडमधली एकही ओळ हलवू नये, म्हणून ताईने तिला दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावले. मग ताईने थोरल्याला बंद करून चालू केलं. तो उठायला नेहमी चार मिनिटं घ्यायचा. ती चार मिनिटं तिघंही निळ्या दिव्याकडे बघत राहिले.

अकराला अधीक्षकबाई आल्या. त्यांनी एका आजोबांच्या नावाने वेळ मागितली. साइटने मंगळवार सकाळी साडेनऊ अशी दिली. अधीक्षकबाईंनी खोटी तारीख घालून बघितली, साइटने नम्रपणे नकार दिला. त्यांनी हे सगळं चालतं कशावर असं विचारलं. ताईने थोरल्याकडे बोट दाखवलं. हाच जुना का, म्हणाल्या, मग कशाला हलवायचा, आणि निघून गेल्या. नापासरावाने फॉर्म पुढे ओढला आणि कधी नव्हे ते पास लिहिलं. सवय नसल्याने अक्षर वाकडं आलं.

ताई नोंदवही घेऊन बसली. आधी तिने बुधवारची आणि गुरुवारची चोरी लिहून काढली, वेळेसकट, आणि पुढे स्वतःची सही केली. मग शुक्रवारची नोंद केली: तारखांचं पॅकेज, आधी पाहुणीकडचं, ते नसल्यास घरचं. तिसऱ्या रकान्यात आपलं नाव. मग वही तिने बायकोकडे सरकवली आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. बायकोने तिथे सही केली. एवढ्या कोऱ्या रकान्यात ती एकच सही होती, पण ताईने ती सुकेपर्यंत वही मिटली नाही.

एवढं झालं तरी नापासरावाच्या मनातला काटा जाईना. ताईने जाणार नाही असं तोंडाने म्हटलं नव्हतं, आणि तिला दुसऱ्यांदा विचारायची त्याची हिंमत नव्हती. पावणेपाचला ती पर्स घेऊन जिना उतरताना त्याला दिसली. कार्यालय पहिल्या मजल्यावर होतं. तो कठड्याशी उभा राहून बघत राहिला, पण वळणापलीकडचं दिसलं नाही. संध्याकाळी घरी कोणी अर्जाचा विषय काढला नाही आणि तो न जेवताच झोपला. भूक नाही म्हणाला, जी तद्दन थाप होती.

शनिवारी सकाळी तो स्वयंपाकघरात आला. दोघी चहाशी उभ्या होत्या, पाठमोऱ्या, आणि सैल झाकण बदलावं की नाही यावर त्यांचं कडाक्याचं भांडण चाललं होतं. त्याला एकदम हलकं वाटलं. मग त्याची नजर फळीखालच्या कपाटाच्या दाराकडे गेली. तिथे चिकटपट्टीने एक कागद लावला होता, त्यावर पट्टीने आखलेले चार रकाने. पहिलीच नोंद बायकोच्या हातची: साखर, डावीकडून तिसरा डबा, वर काहीही लिहिलेलं असो. 'सोबत हजर'मध्ये ताईची सही.

त्याने कप घेतला, हुंगला, जरा भीत भीत घोट घेतला. गोड होता, जरा जास्तच, बहुधा दोघींनीही घातली होती. दाराचा कागद एका कोपऱ्यात सुटून वर वळला होता. तो चिकटवायला नापासराव पुढे झाला आणि त्याला मागची बाजू दिसली. ताईच्या वळणदार अक्षरात भरलेला बदलीचा अर्ज होता तो. सहीची जागा कोरी होती.

त्याने कोपरा अंगठ्याने घट्ट दाबून बसवला, मग खात्री म्हणून आणखी एक चिकटपट्टी लावली.